पुढची काच, वरची काच

गेल्या एप्रिलमध्ये पंधरा दिवसांच्या अंतराने आमच्या घरातल्या दोन गाड्यांच्या काचा गेल्या. आधी माझी. चिपळूणहून कराडला जाताना कुंभार्ली घाटात खडीने भरलेल्या डंपरच्या मागे सापडले होते. टक्कन आवाज झाला आणि पुढच्या काचेवर, वायपरच्या जरा वर, साबुदाण्याएवढा टवका उडालेला दिसला. रस्ता नीट दिसत होता, गाडीला काही झालेलं नव्हतं, म्हणून मी काम उरकून तशीच परत आले.

मग पुण्याहून मावसभावाचा फोन. "ताई, काच फुटली."

"कुठली?"

"वरची. सनरूफची."

तो साताऱ्याकडे निघाला होता. पुढे ट्रक नाही, वर झाड नाही, कुठे दगड नाही. बंदुकीचा बार निघावा तसा आवाज झाला आणि अख्खी काच क्षणात चुरा झाली. आतला सरकता पडदा ओढलेला होता म्हणून तुकडे डोक्यावर आले नाहीत. त्याचा प्रश्न अगदी रास्त होता: "तुझ्या काचेला दगड लागला तरी ती उभी आहे. माझ्या काचेला कुणी बोट लावलं नाही तरी ती गेली. म्हणजे मला हलकी काच दिली का?"

तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर दोन्ही गाड्यांपायी गॅरेजच्या इतक्या फेऱ्या झाल्या, इतकी विचारपूस केली, की ते सापडलं. या दोन वेगळ्या प्रकारच्या काचा आहेत, आणि त्यांचा स्वभाव एकमेकींच्या उलट आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी हा फरक छोट्या गाडीवाल्याला कळला नसता तरी चाललं असतं, कारण सनरूफ महागड्या गाड्यांनाच असायचं. २०१९ मध्ये सनरूफ असलेली ह्युंदाईची व्हेन्यू आली, २०२२ मध्ये ब्रेझाला सनरूफ मिळालं, २०२३ मध्ये एक्स्टरसारख्या लहान गाडीलाही. आता गल्लीतल्या दर दोन-तीन गाड्यांमागे एकीच्या डोक्यावर काच आहे.

पुढची काच म्हणजे खरं तर दोन काचा. साधारण दोन-दोन मिलिमीटरच्या दोन पातळ काचा, आणि मध्ये पाऊण मिलिमीटर जाडीचा पारदर्शक, चिवट प्लॅस्टिकचा थर. हिलाच लॅमिनेटेड म्हणतात. सँडविचमध्ये चीज चिकटून असतं तसा तो थर दोन्ही काचांना धरून असतो. कल्पना जुनी आहे. १९०३ मध्ये एदुआर बेनेदिक्तस या फ्रेंच माणसाच्या हातून प्रयोगशाळेत एक चंबू पडला. चंबू तडकला, पण तुकडे विखुरले नाहीत, कारण आत सेल्युलोज नायट्रेटचा सुकलेला थर होता. त्यातूनच पुढे ही काच निघाली. आज मधला थर वेगळ्या प्लॅस्टिकचा असतो, तत्त्व तेच. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला शंभरावा नियम पुढच्या काचेसाठी लॅमिनेटेडच मागतो.

वरची काच बहुतेक छोट्या गाड्यांत एकच, चार-एक मिलिमीटर जाड, टफन केलेली असते. दारांच्या खिडक्याही बहुधा याच जातीच्या. साधी काच सहाशे अंशांच्या पुढे तापवायची आणि दोन्ही अंगांनी थंड हवेचे जोरदार झोत मारायचे. वरचा पृष्ठभाग लगेच घट्ट होतो, आतला भाग मागून थंड होत आकसतो आणि वरच्या थराला आत ओढून धरतो. पृष्ठभाग कायमचा दाबात, गाभा कायमचा ताणात. त्यामुळे ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत असते, गारांना, उन्हाला, लहानसहान फटक्यांना दाद देत नाही. पण कुठल्याही एका बिंदूवर चीर तो दाबाचा थर ओलांडून गाभ्यात पोचली की साठवलेला सगळा ताण एकदम मोकळा होतो, आणि काचेचे चण्याएवढे, बोथट कडांचे हजारो तुकडे होतात. तडा गेलेली टफन काच तुम्हाला दिसणारच नाही. ती एक तर अखंड असते, नाही तर नसते.

म्हणून मावसभावाची काच हलकी नव्हती. सरळ मारा सोसण्याच्या हिशेबाने ती माझ्या काचेपेक्षा दणकट होती. फक्त तिला मरण हळूहळू येत नाही.

टवका आणि तडा

माझ्या टवक्याकडे मी पंधरा दिवस लक्ष दिलं नाही, आणि हीच चूक मला सगळ्यात जास्त सांगावीशी वाटते.

पुढच्या काचेवर दगड बसला की फक्त बाहेरची काच दुखावते. मधला थर आणि आतली काच शाबूत असतात. त्या अवस्थेत ती दुरुस्त होते. काचवाला टवक्यावर छोटा पंप बसवतो, आतली हवा ओढून घेतो, पातळ रेझिन भरतो आणि अतिनील दिव्याखाली ते कडक करतो. रेझिन प्रकाशाला जवळजवळ काचेइतकंच वळवतं, त्यामुळे पुसट ठिपका सोडला तर डाग दिसत नाही. काम अर्ध्या-पाऊण तासाचं, आणि खर्च नव्या काचेच्या मानाने किरकोळ. अट एवढीच की टवका रुपयाच्या नाण्याखाली झाकण्याइतका लहान हवा, काचेच्या कडेला लागून नको, चालकाच्या नजरेच्या ऐन समोर नको, आणि आत धूळ-पाणी शिरलेलं नको.

शेवटची अट सगळ्यांच्या हातातली आहे. टवका उडाल्या दिवशी त्यावर साधी पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवायची, बस. चिरेच्या टोकाशी ओल गेली की काचेतले बंध आणखी सहज तुटतात, म्हणून तडा पावसाळ्यात आपल्या आपण वाढतो. त्यात उन्हाची भर. दुपारी रखरखत्या उन्हात उभी असलेली गाडी, आत बसताक्षणी एसीचा झोत पूर्ण जोरात काचेवर, किंवा धुताना तापल्या काचेवर बादलीभर गार पाणी. काचेचा एक भाग आकसतो, दुसरा तापलेलाच राहतो, आणि ताण जाऊन बसतो तो नेमका टवक्याच्या टोकाशी.

माझ्या बाबतीत ते बादलीचं पाणी होतं. रविवारी भर दुपारी गाडी धुतली आणि डोळ्यांदेखत साबुदाण्यातून एक केसासारखी चीर निघाली. सोमवारी संध्याकाळपर्यंत ती काचेच्या कडेला जाऊन भिडली. आता रेझिनचा उपयोग नव्हता, काच बदलावी लागली.

तडा गेलेली पुढची काच फुटून अंगावर येणार नाही, हे खरं. मधला थर तिला धरून ठेवतो. पण म्हणून तशीच वापरत राहू नये. समोरून येणाऱ्या दिव्यांचा उजेड रात्री त्या चिरेवर फाटतो आणि डोळे दिपतात. आणि ही काच नुसता आडोसा नाही, ती सांगाड्याला चिकटवलेली असते. गाडी उलटली तर छपराला आधार देण्यात तिचा वाटा असतो, आणि शेजारच्या सीटची एअरबॅग उघडताना बऱ्याच गाड्यांत तिच्यावरच टेकते. म्हणूनच नवी काच बसवली की गोंद धरायला किती तास द्यायचे हे बसवणाऱ्याला विचारायचं आणि तेवढा वेळ गाडी हलवायची नाही. हा पॉलियुरेथेनचा गोंद हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. घाई करणाऱ्याला मी स्वतः थांबायला लावलं होतं. आरशामागे कॅमेरा असलेली गाडी असेल, म्हणजे लेन सांभाळणारी, आपोआप ब्रेक लावणारी, तर काच बदलल्यावर त्या कॅमेऱ्याची जुळणी पुन्हा करून घ्यावी लागते. बिलात ती ओळ आहे का बघा.

काही न लागता फुटणं

सनरूफ "काही न लागता" फुटतं यात बरेचदा आधी काहीतरी लागून गेलेलं असतं. महिन्यापूर्वी काचेच्या कडेवर आदळलेला खडा, साफ करताना लागलेली कडक वस्तू, किंवा फ्रेममध्ये वाकडी बसल्यामुळे एका कोपऱ्यावर सतत येणारा जोर. टफन काचेचा मर्मबिंदू तिची कड आहे. मध्ये हातोडीचा हलका ठोका सोसणारी काच कडेवरच्या बारीक ओरखड्याने जाऊ शकते. शिवाय कडेला जो काळा पट्टा भाजलेला असतो, त्या रंगामुळे तिथली काच थोडी दुबळीच होते. इजा झालेली कड मग उन्हाच्या, खड्ड्यांच्या, हायवेवरच्या वाऱ्याच्या ओढीने एखाद्या दिवशी हार मानते.

दुसरं कारण काचेच्या पोटात असतं. काच ओतताना निकेलचा सूक्ष्म कण गंधकाशी मिळाला तर निकेल सल्फाइडचा खडा तयार होतो. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा, डोळ्यांना न दिसणारा. साधारण ३७९ अंशांच्या वर त्याची रचना एक असते, खाली दुसरी, आणि दुसऱ्या रचनेत तो दोन ते चार टक्के फुगतो. टफन करताना काच इतक्या झटपट थंड होते की त्याला रचना बदलायला सवड मिळत नाही. ती तो पुढे महिने-वर्षं घेऊन हळूहळू बदलतो, ताणलेल्या गाभ्यात बसून. मग एक दिवस बार उडतो. उंच इमारतींच्या काचांमध्येही हाच प्रकार होतो, तिथे म्हणून काही काचा बसवण्याआधी मुद्दाम तापवून पारखतात.

मावसभावाच्या काचेचं यातलं नेमकं काय झालं ते सांगता येणार नाही, कारण त्याने गाडी झटकून तुकडे झाडून टाकले. हीच गोष्ट वॉरंटीच्या वेळी आडवी आली. फुटलेल्या जागी गाडी थांबवून आधी फोटो काढा: फ्रेममध्ये अडकून राहिलेले तुकडे, कडा, पडदा, सगळं. थोडे तुकडे पिशवीत ठेवा. बाहेरून माराची खूण नाही हे दाखवायला तेवढंच हातात असतं. मग पडदा ओढून घ्या, वर ताडपत्री किंवा जाड प्लॅस्टिक बांधा आणि हळू जा. पडद्यावर काच साचलेली असेल तर तो उघडू नका, आणि सनरूफचं बटण दाबून बघण्याचा मोह अजिबात नको. तुकडे रुळात जाऊन मोटरही खराब होते.

दुरुस्ती नाही. टफन काच कापता, भोक पाडता किंवा भरता येत नाही. नवी आणावी लागते.

गळती, जिथे दोन्ही एकसारख्या दिसतात

फुटण्यात दोन्ही काचा सहज ओळखू येतात. गोंधळ होतो पाण्याचा, आणि इथे मी पैसे आणि दीड महिना घालवला.

जुलैमध्ये माझ्या गाडीत डाव्या बाजूच्या पायाखालचं कार्पेट ओलं व्हायला लागलं. पुढची काच नुकतीच बदललेली, त्यामुळे सगळ्यांचं बोट तिच्याकडे. गॅरेजने काचेच्या कडेने सिलिकॉन ओढून दिलं. चार दिवसांनी पुन्हा ओलं. पुन्हा सिलिकॉन. गाडीत कुबट वास भरला, काचेवर आतून धुकं धरायला लागलं.

पाणी सनरूफचं होतं, कारण माझ्याही गाडीला सनरूफ आहे. सनरूफचं रबर पाणी पूर्ण अडवत नाही, अडवायचं नसतंच. थोडं पाणी आत येणार हे धरूनच ते बनवलेलं असतं. काचेभोवती लपलेली एक पन्हळ असते, कौलारू घराला असते तशी, आणि तिच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या खाली जातात. पुढच्या कोपऱ्यांतल्या दोन नळ्या पुढच्या खांबांतून उतरून दाराच्या बिजागरीपाशी किंवा चाकाच्या वर उघडतात, मागच्या कोपऱ्यांतल्या मागच्या बंपरकडे. माझी गाडी गुलमोहराखाली उभी असते. त्याची ती बारीक पानं पन्हळीतून नळीच्या तोंडाशी बसली होती. पन्हळ तुंबली, पाणी खांबाच्या आतून उतरलं आणि कार्पेटवर आलं. पुढचा खांब पुढच्या काचेला लागूनच असतो, म्हणून वाट चुकीची दिसते.

ओळखायची पद्धत सोपी आहे. सनरूफ उघडा आणि पन्हळीच्या एका कोपऱ्यात हळूहळू अर्धा पेला पाणी ओता. खाली त्या बाजूला पाणी पडताना दिसलं तर नळी मोकळी. पाणी तिथेच साचून राहिलं तर चोर सापडला. छताच्या कापडावर सनरूफच्या कोपऱ्याजवळ पिवळसर डाग, दिव्याच्या पॅनेलमधून टपकणारं पाणी, उतारावर उभी केल्यावर एकाच टोकाला होणारी ओल, ही सगळी नळीचीच लक्षणं. पुढच्या काचेची परीक्षा वेगळी: सनरूफवर पाणी न पाडता बाहेरून एकाने पाइपने काचेच्या खालच्या कडेपासून वर सरकत पाणी सोडायचं आणि दुसऱ्याने टॉर्च घेऊन आत बसायचं. तिथून पाणी आलं तर काच काढून गोंद नव्याने घालावा लागतो. वरून ओढलेलं सिलिकॉन हा उपाय नाही. उलट त्याचा थर राहिला की पुढचा खरा गोंद तिथे धरत नाही. माझ्या काचेच्या कडेवरून ते खरवडून काढायला नंतर एक दुपार गेली.

आणखी एक शक्यता, जिचा काचेशी संबंधच नाही. पाऊस नसताना, एसी चालवल्यावर डाव्या पायाशी स्वच्छ पाणी येत असेल तर एसीची पाणी सोडणारी नळी तुंबलेली असते. दोन्ही काचा निर्दोष.

नळी मोकळी करताना तार घालू नये. नळी सांध्यातून निसटली किंवा फाटली तर ती खांबात, आतल्या प्लॅस्टिकच्या मागे असते, सहज हाती लागत नाही. गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी पुरते, किंवा हलक्या दाबाची हवा. मी आता मेच्या शेवटच्या आठवड्यात पन्हळ ओल्या फडक्याने पुसते, रबराला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात देते (हे सिलिकॉन वेगळं, चिकटवायचं नव्हे) आणि चारही कोपऱ्यांत पाणी ओतून बघते. वीस मिनिटांचं काम. खड्ड्यांत सनरूफमधून येणारी करकरही त्या ग्रीसने गेली.

विम्याचा हिशेब

पैशाच्या बाबतीत दोन्ही काचांना नियम एकच. सर्वंकष विम्यात काचेच्या भागावर घसारा कापत नाहीत, रबर-प्लॅस्टिकवर मात्र पन्नास टक्के कापतात, म्हणून बिलात पट्टी-क्लिपांचे पैसे आपल्याला पडतात. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट, म्हणजे दर दाव्यात आपण भरायची रक्कम, १००० रुपये. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्या काचेचं काहीच मिळत नाही. तुंबलेल्या नळीमुळे सडलेलं कार्पेट अपघातात मोडत नाही, ते देखभालीत जातं.

खरा प्रश्न नो क्लेम बोनसचा, म्हणजे दावा न केलेल्या वर्षांबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सुटीचा. समजा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता ८००० रुपये आहे आणि बोनस ५० टक्क्यांवर पोचलाय. एक दावा केला की तो शून्यावर येतो आणि मग २०, २५, ३५, ४५ असा पुन्हा चढतो. पहिल्या वर्षी ४०००, मग २४००, २०००, १२००, ४००. पाच वर्षांत १०,००० रुपये जास्त जातात. गाडी जुनी होते तसा हप्ता थोडा उतरतो, पण अंदाजाला हा आकडा पुरतो. पुढची काच याहून स्वस्तात बसत असेल तर दावा न केलेला बरा. मी केला नाही. मावसभावाने केला, कारण त्याचं सनरूफ फ्रेमसकट आलं, आणि त्याच्या पॉलिसीत बोनस राखणारी जोडणी होती. काही पॉलिसींत नुसत्या काचेच्या दाव्याला सूट असते. आपली पॉलिसी काढून वाचा.

आता एक गोष्ट, जी चिपळूणच्या माणसाला सांगावीच लागते. २२ जुलै २०२१ चा पूर आम्ही पाहिला आहे. पाण्यात अडकलेल्या गाडीतून निघायची वेळ आली तर पुढच्या काचेवर हातोडी मारत बसू नये. ती तडकेल, पण मधला थर सोडणार नाही, आणि त्यात वेळ जाईल. मारायचं दाराच्या खिडकीच्या कोपऱ्यात, टोकदार हातोडीने. टफन काच एका ठोक्यात मोकळी होते. काही गाड्यांच्या खिडक्या आणि सनरूफ आता लॅमिनेटेड येतात, म्हणून आजच काचेच्या कोपऱ्यातला बारीक शिक्का वाचून ठेवा. बरेचदा तिथे टेम्पर्ड किंवा टफन्ड (दोन्ही एकच) की लॅमिनेटेड हे स्पष्ट लिहिलेलं असतं. माझ्या गाडीत पुढे लॅमिनेटेड, चारही दारं आणि छत टेम्पर्ड. हातोडी चालकाच्या दाराच्या कप्प्यात आहे, आणि ती तिथे आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे.